सिंधूकाकूचा खाडीवरचा दिवस

होळीनंतर तापीचं पाणी उतरलं की आमच्या गावाची नाव बंद व्हायची. मग पलीकडे जायचं तर पायी उतार शोधावा लागे. उतार दर साली बदलतो. गेल्या वर्षी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे या वर्षी माणूस बुडेल एवढा डोह असतो. म्हणून बाया सिंधूकाकूला पुढे घालायच्या. ती लुगडं खोचायची, पायाच्या अंगठ्याने रेती चाचपत पाण्यात शिरायची आणि मागे न बघताच सांगायची, "या वं, आठे रेती कठीण शे." बाकीच्या डोक्यावर गाठोडी घेऊन तिच्या मागे. ती मूळची म्हसावदची, नदीपासून लांब वाढलेली. पण लग्न होऊन प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला आमच्या गावी आली आणि दहा वर्षांत तिला नदी कळायला लागली, असं सगळे म्हणत.

आमचं घर तिच्या घराला लागून. तिची शोभा आणि मी बरोबरीच्या. ही हकीकत काकूने मला एका बैठकीत सांगितली नाही. कापूस निवडताना, मिरच्यांचे देठ खुडताना, कधी अर्धी, कधी मधलीच, अशी बारा-पंधरा वर्षांत सांगितली. मी ती सलग लिहिते आहे.

शोभाच्या पाठीवर काकूला दोन मुलगे झाले. दोन्ही वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा तिच्या सासूने, भिकुबाईने, बाराव्या दिवशी त्याला शेतावर कामाला येणाऱ्या भुरीबाईच्या पदरात टाकलं. भुरीबाई भिल्ल. तिला पसाभर ज्वारी देऊन मूल परत घेतलं. म्हणजे ते आता आपलं नाही, तिचं. आपल्या घरावर टपलेलं जे काही असेल ते त्याच्याकडे बघणार नाही. म्हणून त्याचं नाव भिला. भिला जगला. त्याच्या मागून सुपडू झाला, तोही जगला.

काकूचा नवरा रतिलालभाऊ. घरात तो आणि त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण जसोदाबाई, दोघंच. बाप लवकर गेला, आई दिवसभर शेतात. रतिलाल बहिणीच्या कडेवर वाढला. पुढे जसोदाबाईला सुरतेला दिलं. तिचे यजमान नगीनदास, त्यांचा सरकी काढायचा कारखाना होता. घर मोठं, माणसं चांगली, पण चाळिशीला आली तरी तिला मूल नव्हतं.

छपन्न सालच्या दिवाळीला ती माहेरी आली होती. भाऊबीजेला तिने भावाला ओवाळलं. त्याने तबकात लुगडं ठेवलं, ते तिने बाजूला सारलं.

"लुगडं नको माले. मी मांगसू तव्हय देजो."

"मांग ना बहीन. जे मांगशी ते."

काकू आत पुऱ्या तळत होती. तिने हे ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. नणंदेला सोन्याचं काही हवं असेल, एवढंच तिच्या मनात आलं. भिकुबाई मात्र उठून गोठ्याकडे गेली, हे तिला पुष्कळ दिवसांनी आठवलं.

माघात सुरतेहून कार्ड आलं. सिंधूला आणि भिलाला घेऊन ये. इकडे आम्ही पाण्यावरची एक गंमत बांधली आहे, तुम्हाला दिवसभर फिरवू, समुद्र दाखवू. धाकट्याला घरी आजीकडे ठेवा, पाण्यावर तान्हं मूल नको.

काकूने समुद्र पाहिला नव्हता. आमच्या गावात कोणीच पाहिला नव्हता. तिने तिखट पुऱ्या केल्या, लोणच्याची बरणी बांधली. नावेने तापी ओलांडून तिघं मोटारीने नंदुरबारला आले. तिथे मिरच्यांच्या पथाऱ्या पडलेल्या. भिला शिंकून शिंकून लाल झाला. मग रेल्वे. चार वर्षांचा पोरगा नवापूरपर्यंत खिडकी सोडायला तयार नव्हता.

सुरतेच्या घरात पहिल्या मजल्यावर एक लहानसा पलंग मांडला होता. नवा, मच्छरदाणी लावलेला. उशाशी दोन सदरे, दोन चड्ड्या, एक पाटी. कपडे भिलाला बरोबर बसले. काकूला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या आहे, हौस आहे. उलट तिला थोडी लाजच वाटली, की आपण नुसत्या पुऱ्या आणि लोणचं घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी तापीच्या घाटावर गेली. ती गंमत म्हणजे होडी नव्हतीच. लढाई संपल्यावर लष्कराने पुलाखाली घालायच्या लांबट लोखंडी पेट्या लिलावात काढल्या होत्या. नगीनदासांनी तसल्या दोन घेतल्या, शेजारी शेजारी ठेवून वर सागाच्या फळ्या टाकल्या, भोवती कठडा, डोक्यावर कापडाचं छत, मागे इंजिन. वर गाद्या अंथरलेल्या, एका कोपऱ्यात स्टोव्ह. चालवणारा मकन नावाचा खलाशी होता, साठीचा, काळा, बारीक अंगाचा. तो तिला 'तरतो ओटलो' म्हणायचा, म्हणजे तरंगता ओटा. ती हलत नसे, डुलत नसे. काकू पहिल्यांदा भीतभीत बसली आणि थोड्या वेळाने पाय पसरून बसली.

नगीनदासांनी भिलाला उचलून मकनपुढे धरलं. "मकन, आ आपणा नाना शेठ," म्हणजे हे आपले छोटे शेठ. मकनने हसून सलाम केला. भिलानेही केला. सगळे हसले, काकूही हसली.

पाणी समुद्राकडे ओढत होतं, त्यामुळे ओटा भराभर खाली चालला. काकू तिच्याच नदीवर होती आणि तिला ती ओळखू येत नव्हती. एवढी रुंद, की पलीकडची माणसं मुंग्यांसारखी. माघ महिना आणि पाणी मात्र पुरासारखं गढूळ. तिने वाकून ओंजळ भरली आणि जिभेला लावली. खारट. "हाई आपली तापी नही," ती नवऱ्याला म्हणाली. तो कठड्याला टेकून उभा होता. नेहमी बडबड करणारा माणूस, पण सकाळपासून गप्प. त्याने नुसतं हूं केलं.

दहा-साडेदहाला दोन्ही काठ मागे सरले आणि पुढे काही राहिलं नाही. पाणी आणि वर आभाळ. भिला टाळ्या पिटत होता. जसोदाबाईने त्याला पोंक खायला दिला, म्हणजे आपला हुरडाच, वर बारीक शेव घातलेला. तिने त्याला आपल्या हाताने एकेक घास भरवला. काकू म्हणाली, तिला त्या वेळी इतकं बरं वाटत होतं, की नजर लागेल म्हणून तिने मनातल्या मनात भुरीबाईचं नाव घेतलं.

मकनने ओहोटीचं सांगितलं. पाणी उतरतं आहे, आता वळायला हवं. नगीनदासांनी ऐकलं नाही. ओटा सपाट, त्याला हातभर पाणी पुरतं. वाळूच्या त्या दांड्याजवळ बांधू, जेवू, मग वळू. मकनने पुन्हा एकदा सांगून पाहिलं आणि मग मान हलवून इंजिन बंद केलं. जेवण होईपर्यंत ओटा एका कडेने टेकला होता. पान खाऊन होईपर्यंत भोवती पाणीच राहिलं नाही. लांबच लांब ओली रेती आणि राखी रंगाचा चिखल. नगीनदास म्हणाले, "काही बिघडत नाही. पाच-साडेपाचला भरती उचलील. तोवर गप्पा मारू."

भिला काकूच्या मांडीवर झोपला होता. जसोदाबाई सरकून जवळ आली.

"सिंधू, भिलाले माले दे."

"घ्या ना बाई," काकू म्हणाली, "मन्हा पाय भी भरी उना." आणि तिने त्याच्या मानेखाली हात घालून त्याला उचललंसुद्धा.

जसोदाबाईने हात पुढे केला नाही. "तसं नही. कायमना."

काकूला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिने मूल पुन्हा मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"तुम्हले माहीत व्हतं?"

"दिवाईले शब्द दिधा मी."

"मन्हा पोऱ्याना?"

"आपला पोऱ्याना," रतिलालभाऊ म्हणाला. "आनि बहीन काय परकी शे?"

नगीनदास समजुतीने बोलले. त्यांना खानदेशातली बोली कळायची, बोलता यायची नाही. इंग्रजी शाळेत घालू, वैशाखात रीतसर दत्तक घेऊ, तुम्ही वर्षातून दोनदा या. ते वाईट माणूस नव्हते, काकू आजही म्हणते.

"तुले दोन पोऱ्या शेतस," जसोदाबाई म्हणाली. "शोभा भी शे. माले काय शे? दख माले. मी तुन्हा नवराले कडेवर वाढाय."

"मायले माहीत शे?" काकूने सासूबद्दल विचारलं.

जसोदाबाई पदराचा काठ चोळायला लागली, तेव्हा तिला तेही कळलं. सुपडूला घरी का ठेवायला सांगितलं, तेही.

"आनि तू त्याले एकदा दिधाच ना," जसोदाबाई म्हणाली. "भुरीबाईना पदरमा टाका तव्हय तुन्हा जीव तुटना का?"

"तो जगाले जोयजे म्हनीसन टाका."

"मंग हाई कसाले शे? हाई भी त्यान्हा भलाकरताच शे."

काकूच्या डोक्यात एकच फिरत होतं, की उठून जायला जागा नाही. गावात असती तर म्हसावदचा रस्ता धरला असता. सुरतेच्या घरात असती तरी एखाद्या खोलीची कडी लावून घेतली असती. इथे दहा पावलांचा ओटा आणि त्यावर तिच्याकडे बघणारी तीन माणसं. थोड्या वेळाने रतिलालभाऊ म्हणाला, "दम खाऊ दे तिले. संध्याकाळलोंग समजी जाई ती." मग पुरुष छताखाली आडवे झाले. जसोदाबाई कुशीवर वळली, पण तिचे डोळे उघडे होते. मकन नांगर घेऊन रेतीतून पलीकडे गेला होता. पाणी येईल त्या बाजूला तो रोवून ठेवायचा होता.

काठ लांब होता, पण दिसत होता. ताडाची झाडं होती, एका झोपडीवर धूर होता. दुपारी काही बाया टोपल्या घेऊन चिखलात शिंपले वेचत होत्या, त्याही परत चालत गेलेल्या काकूने पाहिल्या होत्या. म्हणजे चालत जाता येतं. मधे ओली रेती, कुठे कुठे पाण्याची चमकणारी रेघ. वैशाखातली तापी अशीच दिसते.

"बाई, जरा आडोशाले जाई येस," ती नणंदेला म्हणाली आणि भिलाला कडेवर घेतलं. जसोदाबाईने मान हलवली. ओट्याच्या मागच्या बाजूने ती खाली उतरली, दहा पावलं हळू गेली आणि मग चालायला लागली.

पहिला पाव मैल रेती कठीण होती, पन्हळी पत्र्यासारखी वळ्यावळ्यांची. मग ती संपली आणि चिखल लागला, गुळगुळीत, घोट्यापर्यंत. एक ओहळ आला, तो तिने अंगठ्याने चाचपून ओलांडला. पुढे दुसरा, रुंद. तिथे पाय पोटरीपर्यंत गेला. तापीत असं झालं की काय करायचं हे तिला पक्कं माहीत होतं. पाणी जिकडून येतं तिकडे सरकायचं. तिथे धार गाळ धुऊन नेते, खाली रेती सापडते. ती पाणी येत होतं त्या बाजूला सरकली. पाणी समुद्राकडून येत होतं.

"तव्हय माले दिसनं," ती मला म्हणाली होती, "पानी उलटं वाही ऱ्हायनं. माले वाटनं, मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं."

भरती सुरू झाली होती. लाटा नव्हत्या, आवाज नव्हता. ओहळातून पाणी बोटाबोटांनी आत शिरत होतं, तिच्या मागूनही आणि पुढूनही. तिने एक पाय उपसला तर दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. तो उपसायला वाकली तर दोन्ही रुतले. भिला जागा झाला आणि गार पाणी पायाला लागताच रडायला लागला. तिने त्याला खांद्यावर बसवलं. काठावरची झाडं अजून तेवढीच लांब होती.

आधी मकनने पाहिलं. तो नांगरापासून ओरडत ओट्याकडे धावला आणि ओट्याच्या दोन फळ्या उचकटून काढल्या. आरडाओरड्याने सगळे उठले. रतिलालभाऊ उडी टाकून सरळ तिच्याकडे पळत सुटला. तापीत पोहणारा माणूस, पण रेती संपून शंभर-दीडशे पावलांवर तो मांड्यांपर्यंत फसला आणि तिथूनच तिला हाका मारत राहिला. नगीनदास जड अंगाचे, ते कठडा धरून उभे होते. मकनने एक फळी स्वतः घेतली आणि दुसरी घ्यायला जसोदाबाई पुढे झाली. सुरतेच्या कारखानदाराच्या घरातली बाई, रेशमी साडीतली, खांद्यावर फळी घेऊन अनवाणी पळाली.

मकनला कुठे रेती आहे ते ठाऊक होतं. वळसा घालून तो काकूपासून पंधरा-वीस हातांवर आला. फळी चिखलावर टाकली, तिच्यापुढे दुसरी जोडली. मग त्याने काकूला सांगितलं, हलू नको, पाय उपसू नको. आणि जसोदाबाईला म्हणाला, "बेन, तू हलकी. मी मागून फळी दाबून धरतो. पालथी झोप आणि सरकत जा."

जसोदाबाई फळीवर पालथी पडली आणि कोपरांवर सरकत पुढे आली. काकूच्या कमरेला पाणी लागलं होतं. दोघींमधे दोन हातांचं अंतर राहिलं. जसोदाबाईने दोन्ही हात लांब केले.

"दे."

काकूने भिलाला खांद्यावरून खाली घेतलं. तो तिच्या मानेला मिठी मारून किंचाळत होता. तिने त्याचे हात सोडवले, पण स्वतःचे तिला सोडवेनात.

"परत देशी ना, बाई?"

"आधी दे!"

"परत देशी ना?"

"सिंधू, पानी दख! दे त्याले!"

काकूने दिला. हे सांगताना ती नेहमी थांबायची. मी तिला विचारलं होतं, जसोदाबाईने तेव्हा हो का म्हटलं नाही? कोणीही म्हटलं असतं. काकू म्हणाली, "तिले खोटं बोलता उनं नही."

मूल फळीवरून मागे गेलं. मग मकनने स्वतः फळीवर येऊन काकूच्या काखेखालून दोर घातला, तिला पुढे पालथी पाडलं आणि ओढून काढलं. तिच्या पायातलं एक कडं आणि लुगड्याचा निम्मा काठ तिथेच राहिला. परत येताना रतिलालभाऊला काढलं.

साडेपाचला ओटा उचलला गेला. परतीच्या वाटेवर जसोदाबाईने भिलाला स्वतःच्या शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. तो मधून मधून 'माय' म्हणून रडायचा आणि ती त्याला आणखी घट्ट धरायची. काकू इंजिनाजवळ चिखलाने भरलेली बसून होती. मूल मागावं असं तिला वाटलं नाही का? वाटलं. पण आपणच त्याला मरायला नेलं होतं, आता कुठल्या तोंडाने मागायचं, असं तिला झालं होतं. घाटावर जसोदाबाई भिलाला घेऊन उतरली, घरी गेली, वरच्या खोलीत गेली. काकूला खालच्या खोलीत अंथरूण दिलं.

जेवणं झाल्यावर नगीनदास रतिलालभाऊला म्हणाले, तिला ऐकू जाईल असं, "आज देवाने वाचवला. आता हिच्याकडे पोर ठेवायला तुझा जीव धजेल का?" भाऊ म्हणाला, "नही."

सकाळी टांगा आला. भाऊने दोघांचंच सामान बांधलं होतं. काकू टांग्यात बसली. तिने वर खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. इतक्यात जसोदाबाई खाली आली. भिला तिच्या कडेवर, अंगात नवा सदरा, डोळे सुजलेले. तिने त्याला टांग्यात काकूच्या मांडीवर ठेवलं आणि भावाकडे वळली.

"भाऊ, तुन्हा शब्द मी सोडा. ओवाळनी मांगीच नही, अशी समज."

नगीनदास दारात येऊन काहीतरी म्हणत होते. तिने ऐकलं नाही, आत निघून गेली.

का, हे तिने कधीच कोणाला सांगितलं नाही. काकूच्या मनात पुढे दोन गोष्टी येत. कधी तिला वाटे, पोरगा त्या नव्या पलंगावर रडून रडून निळा झाला असेल आणि ती घाबरली असेल. कधी वाटे, चिखलात मी तिला दोनदा विचारलं आणि ती हो म्हणू शकली नाही, तेव्हाच तिने स्वतःला ओळखलं असेल. काकूने यातलं एक कधी धरून ठेवलं नाही.

घरी आल्यावर भाऊने गावात सांगितलं, की हिने पोराला समुद्रात बुडवायला नेलं होतं. का नेलं, ते सांगितलं नाही. भिकुबाईनेही सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात तापी उतरताना बायांनी लोटन भोयाच्या बायकोला पुढे घातलं. काकूला कोणी तोंडावर काही बोललं नाही. तिनेच उतार सांगणं सोडलं. बाजारालाही ती नाव चालू असेल तेव्हाच जायची. रतिलालभाऊने तिला मारलं नाही, टाकलं नाही. पण त्याचा शब्द तिच्यामुळे खाली पडला होता, आणि ते तो विसरला नाही. दर भाऊबीजेला तो सकाळपासून शेतात जाऊन बसायचा. जसोदाबाई पुन्हा माहेरी आली नाही. पुढच्याच वर्षी तिने दिराचा मुलगा दत्तक घेतला.

भिला मोठा झाला. अभ्यासात बरा होता, पण शहाद्याच्या शाळेत जायचं तर रोज चार कोस पायी, म्हणून सातवीनंतर त्याची शाळा सुटली. त्याला ही गोष्ट कोणी सांगितली कोण जाणे. गावात कोणीतरी थट्टेने म्हणालं असेल, की तू सुरतेचा शेठ व्हायचा होतास. अडुसष्ट साली तापीला मोठा पूर आला, केळीची बाग गाळाखाली गेली. दोन महिने बापलेक गाळ उपसत होते. एके संध्याकाळी भिला फावडं टाकून अंगणात आला आणि त्याने आईला विचारलं. मी आमच्या ओट्यावर होते, मला ऐकू आलं.

"माले सुरतले देनार व्हतात, हाई खरं शे?"

"खरं शे."

"तू नही म्हननी?"

"हां."

"माले ईचारं व्हतं का कोन्ही?"

"तू चार सालना व्हता भाऊ."

"आते तं सोळाना शे," तो म्हणाला. "आते ईचार."

काकूने विचारलं नाही. आठ दिवसांनी तो सुरतेला गेला. मागाच्या एका कारखान्यात त्याला काम लागलं. नगीनदास तोवर वारले होते, दत्तक मुलगा बायकोला घेऊन वेगळा राहत होता. भिला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि रविवारी जसोदाबाईकडे जेवायला जायचा. कार्डात तो हे लिहायचा, आणि रतिलालभाऊ ते कार्ड मोठ्याने वाचायचा.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात काकू एकटी सुरतेला गेली. जसोदाबाई बिछान्यावर होती, दम्याने. काकूने तिच्या घरात दोन दिवस स्वयंपाक केला, तिचे केस धुतले. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कोणी काही बोललं नाही. भिला आला की आत्याच्या उशाशी बसायचा, तिला औषध पाजायचा. आईशी नीट बोलला. राग दिसला नाही. मायाही, म्हणजे तिला हवी होती तेवढी, दिसली नाही. "माणूस पाहुणीशी बोलस ना, तसा," ती म्हणाली.

परत निघाली तेव्हा तो स्टेशनवर पोचवायला आला. जागा धरून दिली, डब्यात पाण्याचा लोटा भरून आणला. कारखान्याचा भोंगा व्हायची वेळ झाली होती, खाडा पडला असता, म्हणून गाडी सुटायच्या आधीच तो निघून गेला. पुलाच्या पायऱ्या चढताना तो तिला दिसला आणि मग गर्दीत दिसेनासा झाला.

मी विचारलं, "मग काकू? वाईट वाटलं असेल."

ती देठ खुडत होती. म्हणाली, जसोदाबाईने बिछान्यातून उठून भाकरी बांधून दिली होती, ती तिने कितीतरी वेळ सोडली नाही. खांडबारा स्टेशन आलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईने आपलं फडकं सोडलं आणि हिलाही ये म्हणाली. मग हिनेही आपली भाकरी सोडली आणि दोघींनी मिळून खाल्लं.